हात लावून घ्या

त्यांच्या नऊ बोटांना ठसे नव्हते. पन्नास वर्षे काच हाताळून ते झिजून गेले होते आणि त्या जागी उरली होती नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत, किंचित चकाकणारी त्वचा. चहाचा वाफाळता पेला ते काठाला न धरता सरळ पेल्याच्या पोटाला धरून उचलीत आणि वर मलाच विचारीत, "मॅडम, च्या गार झालाय का बघा बरं. मला काय कळंना." रेशनच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्र तर त्यांचे जन्माचे वैरी. त्यांनी एकेक बोट टेकवायचे आणि यंत्राने तांबडा दिवा लावून ते नाकारायचे, असा सोहळा दर महिन्याला चाले. मागची रांग कुरकुरू लागली की ते वळून अत्यंत गंभीरपणे सांगत, "जरा दम धरा. मी हाय का नाय, याचा निकाल लागायलाय."

निकाल त्यांच्या बाजूने लावी ती डाव्या हाताची करंगळी. काच उचलताना बाकीची बोटे कडेशी झोंबत असत आणि ही एक धाकटी मात्र अंग चोरून हवेत उभी राही. पन्नास वर्षे तिने काचेला स्पर्श केला नव्हता. तिच्यावरच्या रेषा अजून कोवळ्या होत्या, पाण्यात खडा पडल्यावर उमटणाऱ्या वलयांसारख्या. ती यंत्रावर टेकली की हिरवा दिवा लागे आणि आमचे काका अस्तित्वात येत.

पडेगावला, दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तसबिरींना चौकटी करून देण्याचे त्यांचे दुकान होते. शहरातल्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर कविता शिकवायला आले, तेव्हा दुकानावरची खोली भाड्याने घेतली आणि तीन वर्षे तिथे राहिले. दुकानाला पाटी नव्हती. पाटीच्या जागी सागवानी पट्टीची एक रिकामी चौकट तारेने टांगलेली होती. तिच्यात ना चित्र, ना काच. नेमक्या जागी उभे राहिले की त्या चौकटीतून दौलताबादच्या डोंगराची निळी कड दिसे. भाद्रपदात ती हिरवी होई, वैशाखात राखेच्या रंगाची. पहिल्याच दिवशी मी विचारले, "काका, नाव का नाही लिहिलं दुकानावर?"

"नाव लिव्हलं तर लोक नाव वाचत्यात," ते म्हणाले. "आता डोंगर तरी बघत्यात."

वेरूळच्या पलीकडे त्यांच्या वडिलांची मेंढरे होती. काम शिकले ते मात्र शहागंजातल्या एका उस्तादांकडे. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात रानातली मराठी आणि उस्तादांची दखनी अशा दोन वाटा एकमेकींत मिसळत. भिंतीशी कलत्या उभ्या केलेल्या काचांना ते 'कळप' म्हणत. नवीन माल आला की प्रत्येक काचेवर बोटाच्या पेराने टकटक करीत आणि कान देत. निर्मळ काच लांबट, ओला सूर देई. आत कुठे केसासारखी चीर असेल तर तो सूर मध्येच लंगडा पडे. ही सवय दुकानापुरती राहिली नव्हती. बँकेचे दार, मिठाईचे कपाट, उभ्या मोटारीची खिडकी, काहीही समोर आले की पेर वाजलेच. एकदा आत बसलेल्या साहेबांनी खिडकी खाली करून "काय पाहिजे?" असे दरडावून विचारले, तर हे म्हणाले, "काय नाय. आवाज चांगलाय तुमचा."

माझा चष्मा ही त्यांना घरभाड्याबरोबर आपोआप मिळालेली जबाबदारी वाटे. सकाळी मी जिना उतरले की हात पुढे येई. "आणा इकडं. काय हो हे, एवढ्या शिकलेल्या तुम्ही आन् जग अशा धुरकटातून बघता?" मग धोतराच्या जुन्या मऊ तुकड्याने, ओठांशी नेऊन घातलेल्या एका फुंकरीने, ते चष्मा असा पुसत की परत नाकावर ठेवताच समोरच्या कडुनिंबाचे पानन् पान सुटे होऊन झुलू लागे. त्यांचे एक ठरलेले वाक्य होते: "काच दिसली म्हंजी काम बिघडलं." तीन वर्षांत ते मी इतक्यांदा ऐकले की अजूनही कोणाच्या घरी भिंतीवरच्या तसबिरीत खिडकीचे प्रतिबिंब दिसले, तर मला उगाचच ओशाळल्यासारखे होते.

काकूंना आणि मला घेऊन एकदा ते श्रावणात घृष्णेश्वराला निघाले. एसटीच्या खिडक्यांच्या सैल काचा खडखडू लागल्या आणि त्यांचा चेहरा दात दुखणाऱ्या माणसासारखा झाला. खिशातून त्यांनी पुठ्ठ्याच्या बारीक घड्या काढल्या. त्या त्यांच्या खिशात कायमच असत. शेवटच्या बाकापासून सुरुवात करून, "जरा सरका ताई," "पाव्हणं, मान तिकडं," असे म्हणत त्यांनी एकेका खिडकीच्या फटीत एकेक घडी दाबून बसवली. वाहक हसत होता, काकूंनी पदर तोंडावर ओढला होता. पण दौलताबादचा घाट चढेपर्यंत सारी गाडी गप्प झाली; नुसते इंजिनाचे घुमणे आणि कोणाच्या तरी मांडीवरच्या पेरूंचा वास. "आता बघा कसं," असे म्हणून ते माझ्या शेजारी टेकले आणि लगेच झोपले.

मात्र त्या दुकानात मला सर्वांत आवडे तो एक रिवाज. चित्र, छायाचित्र, प्रमाणपत्र, जे काही गिऱ्हाईक घेऊन येई, त्याला पट्टी कापून झाली, मागचा पुठ्ठा तयार झाला, काच पुसून झाली की ते काम थांबवत आणि म्हणत, "हात लावून घ्या."

नवीन माणूस गोंधळे. "कशाला?"

"एकदा काच बसली की मग हात लागायचा नाय. घ्या, सावकाश लावा. मला घाई नाय."

आणि ते पाठ फिरवून उभे राहत. नवऱ्याच्या छायाचित्रावरून तळवा फिरवणाऱ्या बायका मी पाहिल्या, लेकाच्या गुणपत्रिकेवर कपाळ टेकवणारे एक रिक्षावाले भाऊ पाहिले. माझ्या आईचे एक पत्र मी त्यांच्याकडे नेले होते. ती बॉलपेन इतके दाबून लिहायची की अक्षरे कागदाच्या पाठीवर उमटत. त्यांनी कागद उलटा करून माझ्यापुढे ठेवला. "हिकडून लावा," इतकेच म्हणाले. मी डोळे मिटून बोट फिरवले. 'जेवत जा वेळेवर' ही ओळ मला बोटाला वाचता आली. मग त्यांनी काच बसवली, चार चुका ठोकल्या, आणि तयार काचेवरून फडके फिरवून दोन्ही हात मागे घेतले. तयार काचेला बोट लावायचे नाही, हा त्यांचा दुसरा नियम. तो ते स्वतःही कधी मोडत नसत.

या दोन नियमांच्या मध्ये त्यांचे आयुष्य सुरळीत चालले होते. मग घरात मोठ्या पडद्याचा मोबाईल आला.

त्यांची एकुलती मुलगी रेणुका नाशिकला दिलेली. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे म्हणून काकूंनी डिंक, खारीक, मऊ जुन्या लुगड्यांची दुपटी असे सगळे मांडून ठेवले होते. पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. तेव्हा काकूंनीच आपले माहेरपण गाठोड्यात बांधले आणि लेकीकडे निघाल्या. काकांना एका शाळेच्या सभागृहाच्या तसबिरी पुऱ्या करून द्यायच्या होत्या. बाळंतपणाच्या अंदाजे तारखेच्या आधी आठवडाभर तेही जाणार होते. तोवर लेकीचे तोंड दिसावे म्हणून जावयांनी एक मोठा मोबाईल पाठवून दिला. रोज चार वाजता रेणुका त्यावर दिसणार, असे ठरले.

निघण्याच्या आदल्या दिवशी काकू म्हणाल्या, "आधी त्याला वरून ग्लास लावून आणा. नवी चीज हाय. दोन दिसांत वाटोळं कराल."

"अगं, त्याला काच हायेच की. काचंवर काच? आंगड्यावर आंगडं?"

"थंडीत घालता का नाय दोन?"

काका मोबाईल उलटसुलट करून बघू लागले. काकूंनी ती वेळ साधून मला बजावले, "पोरी, तू घेऊन जा यांना. यांच्या हातातून साबण सुटतो, ताट सुटतं. बिनठशाचा माणूस हा. फोन कसा टिकायचा?"

त्या गेल्या आणि घराचा आवाज गेला. काकूंच्या हातभर काचेच्या बांगड्या काकांनीच वाजवून, पारखून घेतलेल्या असत. दुकानात बसून ते मागच्या घराकडे कान देत आणि "आता भाकऱ्या चालल्यात," "आता जाईला पाणी" असे मला सांगत. आता तो किणकिणाट नाशिकला गेला होता. "घर मुकं झालंय, मॅडम," ते म्हणाले आणि बळेच एका काचेवर टकटक करून बसले.

गुलमंडीकडच्या एका मोबाईलच्या दुकानात मी त्यांना घेऊन गेले. दुकानदाराने काचेची ती पातळ पट्टी पाकिटातून काढून पुढे ठेवली. काकांनी ती उजेडात धरली, कानाशी नेली, पेराने वाजवली, अगदी वासही घेतला.

"इसकू आवाजच नही," ते म्हणाले. "गूंगी काच है ये."

"चाचा, काच को आवाज कायकू होना? फोन को है ना आवाज!" दुकानदार हसत म्हणाला. "लगा लो. गिरा तो डिस्प्ले गया समझो."

"ये काच नही बेटा, कांदे का छिलका है."

"तो क्या हुआ चाचा, छिलकाच तो कांदे को बचाता."

काकांना ते उत्तर पटले आणि म्हणूनच राग आला. "नक्को," असे म्हणून ते पायऱ्या उतरले. परतताना रिक्षात बराच वेळ मोबाईल मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे पाहत राहिले.

पुढचा आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, चहावाल्यापासून दत्ताची तसबीर न्यायला आलेल्या गुरुजींपर्यंत, तोच प्रश्न: "याला काच लावावी का नाय?" लावा म्हणणाऱ्याला ते म्हणत, "कामून? तुमच्या तोंडाला लावली का?" नको म्हणणाऱ्याला म्हणत, "आन् पडला म्हंजी तुम्ही देणार व्हय लेक दाखवून?" दोन्ही बाजू त्यांच्याच असल्यामुळे वाद कधी संपत नसे. मोबाईल चालवायला मी त्यांना शिकवले होते. बाकीच्या बोटांना तो दाद देईना. रेशनच्या यंत्रासारखाच तोही मख्ख. पुन्हा करंगळीच कामाला आली. चार वाजायच्या आधी ते हात धुवून, डाव्या हाताची करंगळी उभारून, लग्नात अक्षता टाकायला तयार असलेल्या माणसासारखे बसत. फोन वाजे, करंगळी काचेवरून सरके आणि रेणुका उजळे. दमलेला, भरलेला, हसरा चेहरा. "बाबा, जेवलात का? नुसत्या पिठल्यावर दिवस काढू नका." मागे कुठेतरी बांगड्या वाजत आणि काका डोळे मिटून घेत.

एका संध्याकाळी, दिवेलागणीला, ते मला म्हणाले, "मॅडम, आपुन काच कशाला लावतो? जे झालं, थांबलं, त्याला. फोटोतला मानूस आता काय बदलत नाय. पर ही तर बोलती, हसती. हिच्या तोंडावर मी काच बसवायची, म्हंजी..." ते मोबाईल उचलायला गेले आणि तो त्या गुळगुळीत बोटांतून सुटला. फरशीवर कोपऱ्यावर आपटला. कोपऱ्यावर तांदळाएवढा टवका उडाला होता, बाकी सारे शाबूत होते. काकांनी तो दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला.

"हे फुटलं असतं तर मी लेक कुठं बघितली असती?" ते म्हणाले.

निर्णय तिथेच झाला. पण बाजारातली मुकी काच नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कळपातली सर्वांत पातळ, सर्वांत गोड आवाजाची काच निवडली. हिऱ्याची कलम रॉकेलमध्ये बुडवली. चुरचुरत एक रेघ गेली, मग दुसरी. रॉकेलचा तो डोक्यात चढणारा वास दुकानभर पसरला. कडा त्यांनी पाण्यात भिजवलेल्या दगडावर घासून अशा मऊ केल्या की त्यांवरून बोट फिरवले तर शंखाच्या ओठाची आठवण व्हावी. कोपरे मोबाईलच्या कोपऱ्यांसारखे गोल. सारे जुळल्यावर ते थांबले आणि मला म्हणाले, "हात लावून घ्या."

मी हसले. "काका, हा फोन आहे."

"असंना. रिवाज तो रिवाज."

मी बोट लावले. त्यांनीही करंगळी टेकवली, जरा जास्तच वेळ. मग चार कोपऱ्यांना पक्क्या गोंदाचे चार थेंब, वर काच, काचेवर फडके, फडक्यावर वजन. अकराच्या सुमारास वजन काढले तेव्हा मी थक्क झाले. काच दिसतच नव्हती. मोबाईल नुकताच पाण्यातून वर आल्यासारखा ओला, खोल भासत होता. "काच दिसली का?" त्यांनी विचारले. "नाही," मी म्हणाले. त्यांनी दोन्ही हात मागे बांधले. तयार काचेला बोट लावायचे नाही. त्यांनी लावले नाही, मीही लावले नाही. इतके सुंदर काम झाले होते की ते चालते का, हे पाहण्याचे आम्हा दोघांनाही सुचले नाही.

दुपारी एकला मी पोळी तव्यावर टाकली होती. जिना धडधडला. तीन वर्षांत ते कधी माझा जिना चढले नव्हते. दारात उभे होते, हातात तो मोबाईल, आणि काचेखाली तो भिंतीत अडकलेल्या भुंग्यासारखा घुमत होता. पडद्यावर रेणुकाचे नाव.

"मॅडम, तुमचं बोट द्या! वाजायलाय. करंगळी घेईना झालाय. तिचं बी झिजलं का काय कोण जाणे! चारच्या आधी कामून वाजायला, सांगा? बोट द्या!"

मी पिठाचे बोट पुसून काचेवर सरकवले. काही नाही. अंगठा सरकवला. काही नाही. घुमणे थांबले. माझ्या फोनवरून काकूंचा जुना बटणांचा मोबाईल लावला. तो बंद होता. रेणुकाचा नंबर होता तो त्या काचेच्या आत.

काका माझ्या बोटाकडे पाहत होते, मग आपल्या करंगळीकडे, मग काचेकडे. त्यांना कळले ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. आयुष्यभर यंत्रांनी त्यांनाच नाकारले होते, म्हणून दोष आपल्या बोटाचाच असणार, अशी त्यांची खात्री होती. आज दोष बोटाचा नव्हता.

"हात लागायचा नाय," ते पुटपुटले. "मीच म्हणलो सकाळी. मीच बसवली."

मोबाईल पुन्हा घुमू लागला. ते जिना उतरून दुकानात धावले, मी मागोमाग. पन्नास वर्षांत त्यांनी बसवलेली काच कधी फोडली नव्हती; वाया गेलेले तुकडेसुद्धा ते टाकत नसत, जमिनीवर अलगद निजवत. त्यांनी कलम घेतली, थरथरत्या मोबाईलवर मधोमध एक उभी रेघ मारली, पातळ सुरी कोपऱ्याखाली सारली आणि डोळे मिटून काच उचकटली.

टक्.

अगदी स्वच्छ, गोड आवाज झाला. इतक्या घाईतही त्यांनी कान दिला, हे मी शपथेवर सांगू शकते. काच दोन सरळ तुकड्यांत सुटली. आणि करंगळी, धाकटी, कोवळी, रेषांची करंगळी सरकली.

"बाबा! किती येळ लावलात!" रेणुका उशीवर होती. केस कपाळाला चिकटलेले, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. "पंधरा दिस आधीच आली बघा तुमची नात. धीरच नाय तिला."

मग पडदा हलला, बांगड्या किणकिणल्या आणि काकूंच्या हातांतल्या दुपट्यात एक लालसर, सुरकुतलेला, जगावर रुसलेला चेहरा आला. काकांनी करंगळी उचलली आणि त्या गालावर टेकवली. पडद्यावर चिन्हे उगवली. त्यांनी हनुवटीला हात लावला. फोन तोडायचे चिन्ह नेमके तिथेच होते. नात नाहीशी झाली.

"गेली!" काका ओरडले.

पुन्हा फोन आला. पुन्हा गाल, पुन्हा हनुवटी, पुन्हा अंधार. तिसऱ्या खेपेला रेणुका रडत-हसत म्हणाली, "बाबा, हात लावू नका हो! हात लावला की बंद पडतंय!"

"हात लावू नका?" काका माझ्याकडे वळले. गालांवरून पाणी ओघळत होते आणि ते मोठमोठ्याने हसत होते. "ऐका मॅडम! मी उभ्या जन्मात लोकांना काय सांगितलं आन् माझी लेक मला काय सांगायली!"

मागून काकूंचा आवाज आला, "आन् फोनला ग्लास लावला का नाय तुमी?"

"लावला व्हता," काका म्हणाले. "काढला."

वर माझी पोळी जळून तिचा वास जिन्यावरून खाली आला होता. आम्हा दोघांपैकी कोणीही हलले नाही.

सुरीच्या टोकाने मोबाईलवर एक बारीक ओरखडा राहिला, वरच्या कोपऱ्यापासून बोटभर लांब. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवला जाई. "काच दिसली म्हंजी काम बिघडलं" म्हणणारा माणूस त्या ओरखड्यावर नखाने टिचकी मारून सांगे, "ही रेघ नातीची. ती आली तवाची." मोबाईलवर त्यांनी पुन्हा काही लावले नाही. मनगटात अडकवायला काकूंनी लाल गोफ विणला, तेवढेच. माझी नोकरी पुढे दुसऱ्या शहरात गेली. नवा फोन घेताना दुकानदार विचारतो, "मॅडम, वरून ग्लास लावू?" मला रॉकेलचा वास येतो. मी एकदा बोट फिरवते आणि नको म्हणते. माझ्याही फोनवर आता दोन-तीन रेघा आहेत. त्या कोणत्या दिवसाच्या, ते मला ठाऊक आहे.

सव्वा महिन्याने रेणुका बाळाला घेऊन पडेगावला आली, त्या दिवशी मात्र मी तिथेच होते. काकांनी सकाळपासून तीनदा हात धुतले, खोबरेल चोळले आणि ते मागे बांधून उभे राहिले. बाळ पुढे आले तसे ते एक पाऊल मागे सरकले. आदल्या रात्रीच मला म्हणाले होते, "मॅडम, ह्या बोटांना च्याचा चटका कळंना. ती कशी कळायची?"

काकूंनी ते ओळखले असावे. त्यांनी नातीला त्यांच्यापुढे धरले, बांगड्या वाजल्या. "घ्या," त्या म्हणाल्या. "हात लावून घ्या. मधी काय नाय आता."

काकांनी डाव्या हाताची करंगळी पुढे केली. बाळाने झोपेतच मूठ उघडली आणि तिच्याभोवती मिटली. ते कितीतरी वेळ तसेच वाकून उभे राहिले. टांगलेल्या चौकटीतून डोंगराची कड दिसत होती, कळपावर ऊन पडले होते.

"कळतंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "गरम हाय. ओली हाय. मॅडम, सगळं कळतंय."